यूव्ही फ्लॅटबेड मशीन वऱ्हाडच्या हवेत कसं जपायचं? हेड वाचवायचं रोजचं काम आणि बिघाड ओळखायची रीत



सनबोर्ड, अ‍ॅक्रेलिक, एसीपी, काच, टाइल, सागवानी दरवाजा, काहीही बेडवर ठेवा आणि छापा. यूव्ही फ्लॅटबेडची ही जाहिरात खोटी नाही. फ्लेक्सच्या धंद्यात भाव उरला नाही. त्यात १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आली. त्यामुळे आपल्या परतवाडा-अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, मोर्शी भागातले बरेच फ्लेक्सवाले या मशीनचा विचार करतात. कर्ज होतं, मशीन येतं, पूजा होते, पहिले तीन-चार महिने मस्त जातात.

मग फोन सुरू होतात. "सर, काल संध्याकाळी चांगलं चालू होतं, आज पांढरा कलर येऊनच नाही राहिला." "सर, प्रिंटच्या बाजूनं धूर उडाल्यासारखं दिसून राहिलं." "सर, इंजिनिअर म्हणते हेड गेलं, आता का करू?"

हेड हा या मशीनचा सगळ्यात महाग आणि सगळ्यात नाजूक भाग आहे. बहुतेक वेळा ते एका दिवसात जात नाही. आठ-पंधरा दिवस आधीपासून इशारे देत असतं, पण ते इशारे वाचायला आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. विकणारा दोन दिवस ट्रेनिंग देतो आणि त्यात छापायचं कसं एवढंच सांगतो. म्हणून व्हिडिओत जे भरभर सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो. प्रिंट काढा आणि मशीनजवळच्या भिंतीवर लावून ठेवा.

आधी एक गोष्ट पक्की करा: ही शाई वाळत नाही

इको-सॉल्व्हेंट किंवा सॉल्व्हेंट मशीनवरून आलेल्यांचा पहिला गोंधळ इथे होतो. त्या शाईतलं द्रावण उडून जातं आणि रंग मागे राहतो. यूव्ही शाईत उडून जाणारं द्रावण जवळपास नसतंच. तिच्यात मोनोमर, ऑलिगोमर, रंगाचे बारीक कण आणि फोटोइनिशिएटर नावाचं रसायन असतं. एलईडी दिव्याचा साधारण ३९५ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की हे रसायन जागं होतं आणि द्रव शाईचं क्षणात प्लास्टिक होतं. यालाच क्युअर होणं म्हणतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, अंधारात ही शाई नोझलमध्ये सहजासहजी जाम होत नाही. दुसरी, एकदा प्रकाशाने ती नोझलच्या तोंडाशी पक्की झाली की कोणतंही क्लिनिंग लिक्विड ती विरघळवू शकत नाही. म्हणजे हेडचा खरा शत्रू प्रकाश आहे आणि त्याच्या मागोमाग धूळ.

तेव्हा दुकानाच्या शटरमधून येणारं ऊन मशीनवर पडतं का ते आजच पाहा. पडत असेल तर काळा पडदा लावा. दिव्याचा प्रकाश तर मशीनच्या आतच असतो. आरसा, चकचकीत स्टील, क्रोम, सोनेरी अ‍ॅक्रेलिक अशा वस्तूंवर तो आदळून उलटा थेट हेडवर जातो. दिव्याच्या बाजूच्या नोझल आधी जायला लागल्या तर हे कारण पहिलं तपासा. असं काम करताना दिव्याची पॉवर लागेल तेवढीच ठेवा, हेड आणि वस्तूतलं अंतर कमीत कमी ठेवा आणि बेडचा उघडा अ‍ॅल्युमिनियम भाग काळ्या कागदाने झाका. बाटल्या आणि गोल वस्तूंनाही हाच नियम, कारण गोल पृष्ठभाग प्रकाश चारी बाजूंना फेकतो.

तुमच्या मशीनमध्ये कोणतं हेड आहे?

बाजारात २५१३ म्हणजे अडीच बाय एक पॉइंट तीन मीटरचा बेड आणि ६०९० म्हणजे ६० बाय ९० सेंटिमीटरचा बेड, ही दोन मापं जास्त दिसतात. मोठ्या मशीनमध्ये बहुधा रिकोचं जेन ५ किंवा जेन ६, कोनिका मिनोल्टाचं १०२४आय, तर मध्यम आणि लहान मशीनमध्ये एप्सनचं आय३२०० किंवा एक्सपी६०० असतं.

रिको जेन ५ मध्ये १,२८० नोझल असतात आणि सगळ्यात लहान थेंब ७ पिकोलिटरचा. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा थेंबाला हवा, धूळ, स्टॅटिक करंट, काहीही ढकलू शकतं. एप्सन आय३२०० मध्ये ३,२०० नोझल असतात आणि एकाच हेडमधून चार रंग जाऊ शकतात. म्हणून त्या हेडवर इंजेक्शनच्या सिरिंजने जोर लावून लिक्विड ढकलायचं नाही. आतला पडदा फाटला की रंग एकमेकांत मिसळतात आणि मग त्या हेडचं काही करता येत नाही.

रिकोसारख्या हेडला शाई वरून येते आणि खाली गळू नये म्हणून तिला हलकं वर ओढून धरलेलं असतं. त्याला निगेटिव्ह प्रेशर म्हणतात. हे प्रेशर कमी झालं तर हेड थेंब-थेंब गळतं. जास्त झालं तर नोझल हवा ओढतात आणि प्रिंट तुटतं. इंजिनिअरने मशीन बसवताना जो आकडा लावून दिला, तो मीटरच्या खाली मार्करने लिहून ठेवा. बिघाडाच्या वेळी तपासायची ही पहिली जागा.

रोजचं काम: सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं

सकाळी हे करा:

१. मशीन चालू करण्याआधी जमीन ओल्या फडक्याने पुसून घ्या. झाडू मारायचा नाही. झाडूची धूळ अर्धा तास हवेत राहते आणि मग हेडवर बसते.

२. पांढऱ्या शाईचं स्टरिंग आणि सर्क्युलेशन चालू आहे का पाहा.

३. हेड तापायला वेळ द्या. स्क्रीनवर सेट तापमान दिसल्यावर पाच-दहा मिनिटांनी पहिली नोझल चेक.

४. नोझल चेकच्या कागदावर तारीख टाका आणि फाईलला लावा. या फाईलबद्दल पुढे सांगतो.

५. बेड, रेल आणि दिव्याची काच पाहा. काचेवर शाईचा फवारा बसलेला असेल तर दिवा बंद आणि थंड असताना आयपीए लावलेल्या न झडणाऱ्या कापडाने पुसा.

संध्याकाळी हे करा:

१. थोडी शाई पर्ज करा. मग त्याच शाईच्या किंवा यूव्ही फ्लश लिक्विडच्या ओलाव्यावर क्लीनरूम स्वॅबने हेडचा चेहरा एकाच दिशेने, वजन न देता पुसा. मागे-पुढे घासायचं नाही. एक स्वॅब एकाच रंगाला. जुनी बनियन, टिश्यू पेपर, मेडिकलचा कापूस हे सगळं बंद. त्यांचा एक धागा पुरेसा असतो.

२. कॅपिंग स्टेशन असलेल्या मशीनमध्ये कॅपचा रबर पुसा आणि फ्लशचे दोन-चार थेंब टाकून हेड पार्क करा. कॅपिंग नसेल तर कॅरेज होमला नेऊन काळ्या कापडाने झाका.

३. निगेटिव्ह प्रेशर आणि पांढऱ्याचं सर्क्युलेशन रात्रभर चालू ठेवायचं की नाही, हे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहा. बऱ्याच मशीनना ते चालूच लागतं. घरी जाताना मेन स्विच पाडायची फ्लेक्स मशीनची सवय इथे महागात पडते.

फ्लश लिक्विड यूव्हीचंच वापरा. फ्लेक्स मशीनचं सॉल्व्हेंट किंवा थिनर घालून "चालून जाते" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. हेडमधला गोंद आणि ट्यूब त्याने खराब होतात.

आपल्या हवेचे तीन ऋतू आणि मशीनचे तीन रोग

मॅन्युअलमध्ये साधारण २० ते २८ अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता लिहिलेली असते. मॅन्युअल लिहिणाऱ्याने अकोल्याचा मे महिना पाहिलेला नसतो. म्हणून आधी एक साधा तापमान-आर्द्रता मीटर आणून मशीनशेजारी लावा. काही शेकड्यांची वस्तू आहे.

उन्हाळा. पारा ४५ च्या वर जातो आणि हवा कोरडी होते. इथे दोन बिघाड होतात.

पहिला, शाई पातळ होते. हेडचा हीटर शाई तापवू शकतो, थंड करू शकत नाही. हेडचं तापमान ४०-४५ अंशावर सेट असेल आणि पत्र्याच्या शेडमध्ये खोलीच तेवढी तापली, तर शाई सेटिंगच्या वर जाते, थेंब फुटतात, बाजूला बारीक फवारा उडतो आणि हेड गळायला लागतं. लोक प्रेशर बदलत बसतात, रोग मात्र खोलीत असतो.

दुसरा, स्टॅटिक. कोरड्या हवेत अ‍ॅक्रेलिकवरचं संरक्षक फिल्म झर्रकन ओढलं की शीटवर हजारो व्होल्टचा चार्ज जमा होतो. हाताचे केस उभे राहतात ना, तेच. या चार्जने थेंब वाकडे जातात, अक्षरांच्या कडेला धुरासारखी छटा येते आणि उडालेली शाई उलट हेडच्या चेहऱ्यावर चिकटते. उपाय: फिल्म सावकाश काढा, शीट आयपीएच्या ओलसर कापडाने पुसा, काही मिनिटं थांबा, बेड आणि कॅरेजचं अर्थिंग तपासा आणि मशीनला आयोनायझर बार असेल तर तो साफ करून चालू ठेवा.

आता आपला कूलर. तो हवा थंड करतो आणि ओलही देतो, म्हणजे स्टॅटिकसाठी चांगलाच. पण कूलरचं तोंड मशीनकडे असेल तर वाऱ्याने थेंब वाकतात, पाण्याचे कण आणि धूळ बेडवर येतात. एसी लावला तर तापमान उतरतं, पण हवा आणखी कोरडी होते. म्हणून जमत असेल तर पार्टिशन करून मशीनची खोली लहान करा, त्यात एसी लावा आणि सोबत लहान ह्युमिडिफायर ठेवा. तेवढं बजेट नसेल तर कूलर शेजारच्या खोलीत ठेवून गार हवा उघड्या दारातून येऊ द्या, आणि मीटरवर आर्द्रता ६० च्या आत राहते का ते पाहत राहा. तेही जमत नसेल तर मे महिन्यात अ‍ॅक्रेलिकची मोठी कामं सकाळी सहा ते अकरा या वेळेत घ्या. दुपारी कटिंग, फिटिंग, डिझाइन.

शाईचा साठाही याच काळात मरतो. जास्त उष्णतेत बाटलीतल्या बाटलीत शाई घट्ट होऊ लागते. बाटल्या घरातल्या गार, अंधाऱ्या खोलीत ठेवा, मूळ काळ्या बाटलीतच ठेवा आणि लेबलवरची तारीख बघून जुनी आधी वापरा. मे महिन्यासाठी मार्चमध्ये एकदम साठा करू नका. कुरिअरचं पार्सल दिवसभर उन्हात गाडीत पडलं असेल तर तेही विचारून घ्या.

पावसाळा. आर्द्रता ८० च्या वर जाते. स्टॅटिक संपतं, पण रेलवर गंज धरतो, बोर्डांवर ओल बसते आणि एमडीएफ, लाकूड, कागदी बोर्ड ओल शोषून वाकतात. रेल कोरड्या कापडाने पुसून मॅन्युअलमधलंच ग्रीस किंवा तेल लावा. माल बंद खोलीत आडवा ठेवा. भिंतीला टेकवून उभा ठेवलेला सनबोर्ड आठ दिवसांत कमान धरतो.

हिवाळा. सातपुड्याच्या पायथ्याशी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगलीच थंडी असते. शाई घट्ट होते, सकाळच्या चेकमध्ये नोझल तुटलेल्या दिसतात आणि घाबरून लोक पाच वेळा क्लिनिंग मारतात. त्यात शाई जाते, पदरात काही पडत नाही. आधी खोली आणि हेड तापू द्या, मग परत चेक काढा. बहिरमच्या यात्रेच्या बोर्डांची घाई असते म्हणून हा अर्धा तास कापू नका.

लाईट आणि अर्थिंग

मध्येच लाईट गेली तर काय होतं? कॅरेज बेडच्या मधोमध थांबते, हेड उघडं राहतं आणि पंप बंद पडल्यामुळे निगेटिव्ह प्रेशर उतरू लागतं. शाई गळते आणि खालच्या मालावर डाग पडतो. त्यात दिवसाचा उजेड हेडवर येतो. म्हणून ऑनलाइन यूपीएस ही चैन नाही. पूर्ण मशीनचा यूपीएस परवडत नसेल तर निदान कंट्रोल बोर्ड, प्रेशर पंप आणि कॉम्प्युटर यूपीएसवर घ्या. कसं जोडायचं ते इंजिनिअरला विचारूनच करा. हेडला शाई बंद करायचे वाल्व असतील तर लाईट गेल्यावर कोणता वाल्व आधी फिरवायचा, हे दुकानातल्या प्रत्येक पोराला माहीत पाहिजे. मृगाच्या आधीच्या वादळात विचारायला वेळ नसतो.

अर्थिंग मशीनसाठी वेगळं घ्या. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर आधी ते दुरुस्त करा. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून मार्च ते जून खड्ड्यात पाणी घालत राहा.

एक सक्तीचा नियम: हेडची चपटी रिबन केबल मशीन चालू असताना काढायची किंवा लावायची नाही. बंद करून, मेन काढून, पाच मिनिटं थांबून मगच. केबलच्या टोकाला शाईचा एक थेंब असला तरी चालू करताच हेड आणि बोर्ड दोन्ही जळू शकतात.

चिलरचं पाणी आणि खारपाण पट्टा

एलईडी दिवा पाण्याने थंड होत असेल तर त्या चिलरमध्ये बोअरचं पाणी कधीही घालू नका. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेल्या खारपाण पट्ट्यातलं पाणी किती खारट आहे, हे दर्यापूरवाल्यांना सांगायला नको. ते पाणी दिव्याच्या बारीक नळ्यांत क्षार धरतं. दिवा नीट थंड होत नाही, त्याची ताकद उतरते आणि शाई चिकट राहते. डिस्टिल्ड वॉटर किंवा कंपनीने सांगितलेलं कूलंट घाला, वेळेवर बदला आणि चिलरची जाळी दर आठवड्याला धुळीतून मोकळी करा.

पांढरी शाई वेगळी का वागते?

पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. त्याची घनता पाण्याच्या चौपटीपेक्षा थोडी जास्त. एवढा जड कण शाईत तरंगत राहणार नाही, तो तळाशी बसणारच. म्हणून "काल चालू होतं, आज नाही" ही तक्रार बहुतेक पांढऱ्याची असते.

बाटली भरण्याआधी हळूहळू उलटी-सुलटी करा, मग फेस आणि बुडबुडे बसेपर्यंत थांबा. काम असो वा नसो, रोज पांढऱ्याची एक पट्टी छापा. आठ-दहा दिवस पांढऱ्याचं काम नसणार असेल किंवा दुकान बंद राहणार असेल, तर पांढऱ्याच्या लाईनमध्ये फ्लश भरून ठेवणं परवडतं. शाई थोडी वाया जाते, हेड वाचतं.

नोझल चेक वाचायला शिका

नोझल चेक म्हणजे मशीनचा ईसीजी. लागोपाठ तीन काढा आणि शेजारी ठेवून बघा.

• तुटलेल्या रेषा तिन्ही कागदांवर त्याच जागी आहेत. ती नोझल जाम आहे किंवा मेली आहे. हलकं क्लिनिंग, मग फ्लशमध्ये भिजवणं. दोन-तीन क्लिनिंगनंतर फरक नसेल तर थांबा.

• तुटलेल्या रेषा दरवेळी जागा बदलतात. लाईनमध्ये हवा आहे किंवा प्रेशर बिघडलंय. हेड ठीक आहे. ट्यूबचे जोड, डॅम्पर, शाईची पातळी पाहा. इथे क्लिनिंग मारत राहिलात तर आणखी हवा ओढाल.

• सुरुवातीला पूर्ण, पण छापता छापता रंग तुटत जातो. शाई पोहोचत नाहीये. फिल्टर चोक, डॅम्पर जुना, पंप कमजोर, निगेटिव्ह प्रेशर जास्त किंवा टाकीचं हवेचं छिद्र बंद.

• अख्खी ओळ किंवा ठराविक ठोकळा एकदम गायब. केबल किंवा बोर्ड. इथे शाईला दोष देऊ नका आणि हेडला हात लावू नका. मशीन बंद करा, इंजिनिअरला फोटो पाठवा.

• रेषा आहेत पण वाकड्या आहेत. हेडच्या चेहऱ्यावर धागा किंवा अर्धवट पक्की झालेली शाई, नाहीतर स्टॅटिक.

यातल्या कितीतरी वेळा हेड चांगलं असतं. "हेड गेलं" असं कोणी म्हटलं तर हे तीन कागद समोर ठेवा आणि विचारा, कोणत्या खुणेवरून म्हणता? शक्य असेल तर ते हेड दुसऱ्या रंगाच्या जागी लावून दाखवायला सांगा. दोष हेडसोबत गेला तर हेडचा, जागेवरच राहिला तर लाईनचा, केबलचा किंवा बोर्डचा.

प्रिंटमध्ये पट्टे येतात

पट्ट्यांमधलं अंतर फूटपट्टीने मोजा. दर पासला सारख्या अंतरावर पट्टा येत असेल आणि नोझल पूर्ण असतील, तर स्टेप कॅलिब्रेशन करा. उभ्या रेषा दुहेरी दिसत असतील तर एका दिशेने छापून बघा. तेव्हा ठीक आलं म्हणजे जाता-येताचं अलाइनमेंट बिघडलंय किंवा एन्कोडर पट्टीवर धूळ आहे. पट्टी न झडणाऱ्या, किंचित ओलसर कापडाने हलकेच पुसा. बेडच्या ठराविक जागीच दोष येत असेल तर रेल, पट्टीचा तो भाग किंवा बेडची पातळी बघा.

हेड धडकतं तेव्हा

हेड आणि मालामध्ये साधारण दीड ते दोन मिलिमीटर जागा असते. वाकलेला सनबोर्ड, एसीपीची उचललेली कड, सुटलेली टेप, यातलं काहीही हेडला घासून जातं. एका धडकेत हेड फुटू शकतं. शीटची जाडी एका कोपऱ्यात मोजून चालत नाही. चारही कोपरे आणि मध्यभाग, पाच जागा मोजा आणि सगळ्यात उंच जागेचा आकडा घ्या. परतवाड्यात सागवानाचं काम चांगलं येतं, पण दरवाजा म्हणजे काही काच नव्हे. त्याला पीळ असू शकतो. व्हॅक्युम पूर्ण लागावा म्हणून मालाबाहेरची भोकं कागदाने झाका, कडा टेपने दाबा आणि टेपचं टोक मोकळं सोडू नका. अँटी-कोलिजन सेन्सर सारखा वाजतो म्हणून तो बंद करून टाकणारे ऑपरेटर असतात. असं दुकानात होत असेल तर आजच थांबवा.

नखाने शाई निघते

काच, टाइल, स्टील आणि सनपॅक या चार वस्तूंवर ही तक्रार जास्त येते. काच-टाइल-धातूवर त्या-त्या मालाचा प्रायमर लागतो. सनपॅक पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्याच्यावर शाई पसरत नाही, म्हणून कोरोना ट्रीट केलेला ताजा माल घ्या. हाताचं तेल, वॅक्स, पॉलिश आयपीएने काढा.

शाई चिकट राहिली तर क्युअर कमी झालंय: दिव्याची काच, पॉवर, वेग, चिलर तपासा. शाई कडक असून पापुद्र्यासारखी निघाली तर पृष्ठभाग तयार नव्हता. मोठी ऑर्डर घेण्याआधी त्याच लॉटच्या तुकड्यावर छापा, २४ तास ठेवा, ब्लेडने चौकटी रेघा मारा, टेप चिकटवून ओढा. टेपला रंग आला तर ऑर्डर छापू नका. गिऱ्हाइकाला एक दिवस थांबवणं परत पाचशे टाइल छापण्यापेक्षा स्वस्त आहे.

हात आणि डोळे

क्युअर न झालेली शाई अंगाला लागली की काहींना अ‍ॅलर्जी होते आणि एकदा झालेली ती आयुष्यभर राहू शकते. नायट्रिलचे हातमोजे, गॉगल आणि खोलीला एक्झॉस्ट फॅन हवाच. शाई लागली तर साबण-पाण्याने धुवा, थिनरने नाही. वाया गेलेली शाई नालीत ओतू नका. मळलेले स्वॅब-कापड उन्हात ठेवून पक्के होऊ द्या, मग विल्हेवाट लावा. आयपीए पेट घेतं, तेव्हा अगरबत्ती-दिवा मशीनपासून लांब.

आता पैशाचा हिशेब

समजा तुमचा हप्ता ३०,००० रुपये, ऑपरेटर १५,०००, भाडं-लाईट १०,०००. महिन्याला ५५,०००. महिन्यात २५ दिवस काम धरलं तर मशीन बंद असलेल्या प्रत्येक दिवसाचे २,२०० रुपये बसल्या जागी जातात. इंजिनिअर नागपूरहून येणार, म्हणजे २०० किलोमीटर, आणि त्याच्या सवडीने. चार दिवस थांबलात तर ८,८०० गेले. परत गेलेलं गिऱ्हाईक यात धरलेलं नाही. तुमचे स्वतःचे आकडे टाकून हा हिशेब एकदा कागदावर करा. रोजची पस्तीस मिनिटं मग जड वाटणार नाहीत.

तीन सवयी लावा.

पहिली, रजिस्टर. तारीख, तापमान, आर्द्रता, प्रेशरचा आकडा, नोझल चेक, कोणत्या शाईचा कोणता लॉट, काय बदललं. दोन महिन्यांत तुम्हालाच दिसेल की नोझल तुटतात ते दिवस कोणते. वॉरंटीचा वाद झाला तर हीच फाईल तुमच्या बाजूने बोलते.

दुसरी, सुट्या भागांचा डबा. डॅम्पर, फिल्टर, कॅप, ट्यूबचे जोड, एक रिबन केबल, स्वॅब, फ्लश. अडीच रुपयांच्या जोडापायी दोन दिवस बसायला नको.

तिसरी, हेडचा गल्ला. हेड कधीतरी बदलावंच लागणार आहे. प्रत्येक चौरस फुटामागे ठराविक रक्कम वेगळ्या खात्यात टाका. हेडच्या किमतीला तुमच्या अंदाजे छपाईने भागा, आकडा निघेल. हा आकडा भाव काढताना धरत नसाल, तर शेजाऱ्यापेक्षा स्वस्त छापून तुम्ही स्वतःचं हेड विकताय.

मशीन अजून घ्यायचं असेल तर विकणाऱ्याला हे लेखी विचारा: इंजिनिअर कुठे राहतो, किती तासांत येतो, हेडची वॉरंटी कशावर मिळते आणि कशावर नाही, बाहेरची शाई चालेल का. तोंडी "काही टेन्शन नाही भाऊ" याला वॉरंटी समजू नका.

उद्या सकाळचं काम एवढंच: मशीन तापलं की लागोपाठ तीन नोझल चेक काढा, तारीख टाका आणि वरच्या यादीशी ताडून बघा. काय दिसलं ते रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या व्हिडिओत डॅम्पर आणि फिल्टर बदलणं हाताने करून दाखवतो, तेव्हा हा कागद जवळ ठेवा.

भेटू, काळजी घ्या!